कचरा उचलला, पण टाकला कुठे? पालिकांचे जुने नियम नेमके कुठे कच्चे राहिले

मुंबईतल्या देवनारचा कचऱ्याचा डोंगर उपसायचं टेंडर निघालं आणि बातम्यांमध्ये ते आकडे आले तेव्हा अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला. सुमारे १८५ लाख टन जुना कचरा, खर्च २,३०० कोटींच्या वर, मुदत तीन वर्षं. दहा टनाचा एक डंपर धरला तर साडेअठरा लाख खेपा होतात, म्हणजे तीन वर्षं एकही सुट्टी न घेता रोज सतराशेच्या आसपास डंपर भरून बाहेर काढायचे. प्रश्न असा होता की अरे, एवढं होईपर्यंत कायदा नव्हता का काही?

होता ना. कचऱ्याचा कायदा मुंबईत निदान १८८८ पासून तरी आहे. हा डोंगर कायदा नसल्यामुळे झाला नाही, कायदा पाळत पाळतच झाला. ऐकायला विचित्र वाटतं, म्हणून हे जरा मुळापासून सांगतो, कारण तुमच्या माझ्या गावाबाहेर जो कचरा डेपो आहे त्याचीही गोष्ट हीच आहे, फक्त आकार लहान.

आधी दोन शब्द वेगळे करू: उचलणं आणि विल्हेवाट

उचलणं म्हणजे कचरा तुमच्या दारातून, रस्त्यावरून, कुंडीतून घेऊन जाणं. विल्हेवाट म्हणजे तो शेवटी जिथे जातो तिथे त्याचा कुणाला त्रास होणार नाही असं काहीतरी त्याचं करणं, मग खत करा, भंगारात विका, गॅस करा किंवा उरलेलं नीट बांधलेल्या खड्ड्यात पुरा. आपण घर झाडतो आणि केर शेजारच्या अंगणात लोटून देतो असं धरा. घर झाडलं गेलं का? हो. केराचं काही झालं का? नाही. तर आपले जुने कायदे झाडण्याचे होते.

१८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम बघा. त्याच्या कलम ६१ मध्ये पालिकेने करायलाच पाहिजेत अशी कामं आहेत, त्यात केरकचरा गोळा करणं, हलवणं आणि त्याची विल्हेवाट लावणं हे आलंय. गोळा केलेला कचरा पालिकेच्या मालकीचा होतो हेही कायद्यात आहे. रस्ते रोज झाडायचे, कुंड्या ठेवायच्या, घरमालकाने केर कुठे टाकायचा, सगळं तपशीलवार. पण विल्हेवाट लावायची म्हणजे कशी, किती लांब, खाली जमीन कशी हवी, पाण्यापासून किती अंतर, किती वर्षांनी ती जागा बंद करायची, हे काही नाही. डेपोची जागा ठरवायची ती प्रशासनाने, त्याला जी योग्य वाटेल ती.

त्या माणसांना दोष द्यायचा म्हणून हे सांगत नाहीये. त्या काळी रोग घाणीच्या वासातून होतो अशीच समजूत होती, तेव्हा वास वस्तीपासून लांब नेला की काम झालं. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि मग तर लांब न्या, लवकर न्या हेच सगळ्यांच्या डोक्यात. आज आपण हार्बरने चेंबूरला जातो ना, ती कुर्ला-चेंबूरची लाइन १९०६ मध्ये टाकली ती कचऱ्याच्या गाड्यांसाठी, प्रवाशांसाठी ती खुली झाली १९२४ ला. शहराचा कचरा रेल्वेने खाडीकाठच्या दलदलीत न्यायचा आणि भर घालायची. देवनारचं डंपिंग १९२७ चं, १३२ हेक्टर. तेव्हा ते शहराच्या बाहेर होतं. आता त्याला लागून गोवंडी, शिवाजीनगर, बैंगणवाडीत लाखो माणसं राहतात.

मग इतकी वर्षं चाललं कसं?

कारण कचरा वेगळा होता. राख, माती, भाजीचं देठ, शेण, पानं, चिंध्या. काच, पत्रा, कागद तर कुंडीपर्यंत पोचतच नसे, बोहारीण आणि भंगारवाला दारातच घेऊन जायचे. कित्येक नगरपालिका कचऱ्याचं आणि मैल्याचं मिळून सोनखत करून शेतकऱ्यांना विकायच्या, त्याचे लिलाव व्हायचे. अजूनही अनेक गावात त्या जागेला जुनी माणसं 'कंपोस्ट डेपो' म्हणतात, तिथे कंपोस्ट होऊन जमाना झाला तरी.

मी लहान होतो तेव्हा आमच्या गावात (गावाचं नाव घेत नाही, छोटी नगरपालिका आहे) स्मशानाच्या वाटेवर ओढ्याच्या काठाला हा डेपो होता. ट्रॅक्टरची ट्रॉली यायची, मागचं फळकं काढलं की सगळं घरंगळत खाली, मुकादम वहीत एक रेघ मारायचा, झाली खेप. उन्हाळ्यात मार्चच्या आसपास शेतकरी बैलगाड्या घेऊन यायचे आणि ढीग खालून उकरून न्यायचे, काळं भुसभुशीत खत. मग साधारण नव्वदीच्या आसपास ते यायचे बंद झाले. वडिलांनी एकाला विचारलं होतं तर तो म्हणाला, "खत कुठंय आता, नांगराच्या फाळाला पिशव्या गुंडाळतात." त्या एका वाक्यात सगळं आलं. पिशवी आली, पाऊच आले, गुटख्याच्या पुड्या आल्या, आणि जो ढीग दरवर्षी रिकामा व्हायचा तो वाढायला लागला. नियम मात्र तेच, ट्रॉली आणा, ओता, रेघ मारा.

ढिगाच्या आत नेमकं काय होतं

हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही म्हणून दोन मिनिटं. उकिरड्यात हिवाळ्यात सकाळी हात घातला तर आत गरम लागतं, माहिती असेल. ओलं कुजतं आणि उष्णता सोडते. उकिरडा छोटा असतो, हवा लागते, त्यामुळे खत होतं. तेच चार मजले उंच रचलं, मधे प्लास्टिकचे थर, हवा आत जात नाही, तर ते वेगळ्या प्रकारे कुजतं आणि मिथेन सुटतो. हा गॅस पेटतो. म्हणून डंपिंगच्या आगी विझता विझत नाहीत, वरून पाणी मारलं तरी आतून धुमसत राहतात. जानेवारी २०१६ च्या शेवटी देवनार पेटलं तेव्हा तो धूर उपग्रहाच्या फोटोत दिसत होता आणि पालिकेच्या ७० च्या वर शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

दुसरी गोष्ट पाणी. गाळणीतल्या चहाच्या चोथ्यावर पाणी ओतलं तर खाली जे उतरतं तसं पावसाचं पाणी कचऱ्यातून झिरपत खाली येतं आणि येताना त्यातलं सगळं घेऊन येतं. बॅटरीतलं शिसं, रंग, औषधं, कुजलेलं सगळं. ह्या काळ्या पाण्याला लीचेट म्हणतात. खाली काही अडवलेलं नसेल तर ते जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरीत, बोअरमध्ये उतरतं. आमची आत्या त्या ओढ्यापलीकडे राहायची. तिच्या आडाचं पाणी आधी नुसतं जड झालं, साबणाला फेस येईना, डाळ शिजेना, तिला वाटायचं डाळच जुनी आहे म्हणून दुकानदाराशी भांडून यायची. मग दोन पावसाळ्यांनी पाण्याला फिकट चहासारखा रंग आला. तोपर्यंत कुणीच ते पाणी तपासलं नव्हतं, कारण तपासायचं असं कुठल्या नियमात लिहिलेलंच नव्हतं.

२००० साली पहिल्यांदा देशभर नियम आले

१९९४ ला सुरतेत प्लेगची साथ आली, लोकं रातोरात शहर सोडून पळाली, आणि घाणीचा विषय देशभर ऐरणीवर आला. १९९६ ला पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल कचऱ्याच्या प्रश्नावर सुप्रीम कोर्टात गेल्या, कोर्टाने समिती नेमली, कलकत्त्याचे महापालिका आयुक्त असीम बर्मन अध्यक्ष, १९९९ ला अहवाल आला आणि सप्टेंबर २००० मध्ये केंद्राचे नागरी घनकचरा नियम निघाले. इथे पहिल्यांदा नीट लिहिलं गेलं की ओला कचरा पुरायचा नाही, त्याचं खत किंवा गॅस करायचा, पुरायचं ते फक्त उरलेलं, न कुजणारं.

आणि पुरायचं कसं तेही लिहिलं. ह्या बांधलेल्या खड्ड्याला लँडफिल म्हणायचं, डंपिंग नाही. तळाला ९० सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती, तिच्यावर दीड मिलिमीटर जाड प्लास्टिकची चादर, भूजल तळापासून निदान दोन मीटर खाली, रोज मातीचा पातळ थर, लीचेट गोळा करायला पाइप, गॅस काढायची सोय, आणि बंद केल्यावरही पंधरा वर्षं लक्ष ठेवायचं. वाचताना बरं वाटतं. खरंच चांगलं लिहिलं होतं. मुदती पण होत्या: जुने डेपो २००१ संपेपर्यंत सुधारायचे, नव्या जागा २००२ संपेपर्यंत ठरवायच्या, प्रक्रिया केंद्रं ३१ डिसेंबर २००३ पर्यंत उभी करायची.

३१ डिसेंबर २००३ आला आणि गेला. बहुतेक पालिकांकडे ना चादर होती ना पाइप. पुढे काय झालं? काही नाही. आणि हे 'काही नाही' का झालं हेच तर समजून घ्यायचंय.

पेपर देणारा कोण, तपासणारा कोण

नियमात साखळी अशी होती. कचरा केंद्र चालवायला पालिकेने राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे परवाना मागायचा, मंडळाने ४५ दिवसांत निर्णय द्यायचा, पालिकेने दरवर्षी ३० जूनपर्यंत अहवाल द्यायचा, मंडळाने पाणी-हवा तपासायची. आता विचार करा, एखादा कारखाना घाण सोडत असेल तर मंडळ त्याची वीज तोडू शकतं, टाळं लावू शकतं. पालिकेला टाळं कसं लावणार? डेपो बंद केला तर उद्या सकाळी कचरा चौकात. हे मंडळाला माहिती, पालिकेलाही माहिती. म्हणजे शिक्षेचं हत्यार असं दिलं की ते उचललं तर आधी लोकांनाच लागतं. मग नोटिसा निघतात, नोटिशीला उत्तर येतं, 'जागेचा शोध सुरू आहे', 'प्रस्ताव शासनाकडे प्रलंबित आहे', आणि वर्षं जातात. मंडळही राज्य सरकारचं, पालिकेचा आयुक्त किंवा मुख्याधिकारीही राज्य सरकारने पाठवलेला, दोघांच्या बदल्या एकाच मंत्रालयातून. मोठ्या भावाने धाकट्याचा पेपर तपासायचा, आणि नापास केलं तर घरात जेवायला कुणालाच मिळणार नाही, अशी अवस्था.

पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तुरुंगवासाची तरतूद होती, पाच वर्षांपर्यंत. पण तुरुंगात कोण जाणार? ज्या आयुक्ताच्या काळात मुदत चुकली तो बदलून गेलेला, आताचा म्हणतो मी आत्ता आलो. नियमात जबाबदारी 'नगर प्राधिकरणा'ची होती, आणि प्राधिकरण म्हणजे इमारतीवरची पाटी. ह्या कायद्यातली तुरुंगवासाची शिक्षाही २०२३ च्या दुरुस्तीने बहुतेक बाबतीत काढून दंड आणलाय.

पैसा मोजला गेला तो उचलण्याचा

माझ्या मते सगळ्यात मोठं भोक हे आहे आणि ह्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. कचऱ्याची कंत्राटं बघा कशी असतात, टनावर किंवा खेपेवर. जितका कचरा जास्त वाहून नेला तितकं बिल जास्त. मग घराघरात ओला कचरा जिरवला तर कुणाचं नुकसान? वाहणाऱ्याचं. ओला कचरा ओला असतो म्हणून जड असतो, पाऊस पडला की अजून जड, त्यात माती-राडारोडा गेला तर वजनकाट्यावर अजून छान. म्हणजे नियम म्हणतो कचरा कमी करा, वेगळा करा, आणि बिल म्हणतं वाढवा, मिसळा. माणूस कुणाचं ऐकेल?

आणि २००० च्या नियमात हा सगळा खर्च कुठून करायचा ह्यावर ठोस काही नव्हतं. दीड मिलिमीटरची चादर घाला म्हणणं सोपं आहे. ज्या नगरपरिषदेचा पगारच राज्याच्या अनुदानावर होतो, जिथे पर्यावरणाचा इंजिनिअर सोडा, आरोग्य निरीक्षकाची जागा पाच वर्षं रिकामी आहे, तिला आणि मुंबईला एकच नियम, एकच तारीख. मुंबईचं बजेट कित्येक छोट्या राज्यांपेक्षा मोठं, आणि तिकडे बारा हजार वस्तीचं गाव. दोघांनी एकाच दिवशी पास व्हायचं होतं. झालं असं की दोघंही नापास झाली, आणि सगळेच नापास म्हटल्यावर नापास असण्याची कुणाला लाजच राहिली नाही.

हद्द संपली की नियम संपला

आता हे जरा सविस्तर सांगू द्या, कारण हे वाचताना मला अजून राग येतो. २००० चे नियम नगरपालिका-महानगरपालिकांच्या हद्दीला लागू होते. ग्रामपंचायतीला नाही. आणि डेपो कुठे असतो? बहुतेक वेळा हद्दीच्या काठावर किंवा पलीकडे. जिथे कचरा तयार होतो तिथले लोक नगरसेवकाला मत देतात, जिथे तो पडतो तिथले लोक देत नाहीत. मग नगरसेवक कुणाचं ऐकणार?

पुण्याचा कचरा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून उरुळी देवाचीच्या दगडखाणींमध्ये पडायला लागला. खाणीचा आयता खड्डा आहे, भरून टाकू, असा सरळ हिशोब. पण खाणीचा खड्डा म्हणजे फुटका माठ, खडकाला भेगा असतात, त्यात ओतलेलं पाणी कुठल्या विहिरीत निघेल सांगता येत नाही. उरुळी आणि फुरसुंगीच्या विहिरी-बोअरचं पाणी गेलं, गावं टँकरवर आली. जागा वाढत वाढत १६३ एकर झाली. ह्या गावांनी किती वेळा गाड्या अडवल्या त्याची गणतीच नाही, २०१७ च्या उन्हाळ्यात तर जवळपास तीन आठवडे पुण्याचा कचरा अडून राहिला होता. तेव्हा पेपरात मथळे होते 'पुण्यात कचराकोंडी'. कोंडी पुण्याची तीन आठवडे, फुरसुंगीची तीस वर्षांच्या वर. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ते असं.

त्याच्या पुढच्या वर्षी तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. नारेगावला अनेक दशकं कचरा टाकला जात होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये आसपासच्या गावकऱ्यांनी रस्ता धरला, एकही गाडी जाऊ देणार नाही. शहराकडे दुसरी जागाच नव्हती, कारण दुसरी जागा शोधायची वेळच आली नव्हती कधी. कचरा गल्लोगल्ली साठला. मग गाड्या इतर गावांच्या दिशेने न्यायचा प्रयत्न झाला आणि मार्चमध्ये शहराजवळच्या मिटमिट्याला दगडफेक, जाळपोळ, लाठीमार. पोलीस आयुक्तांना रजेवर जावं लागलं, महापालिका आयुक्तांची बदली झाली. कचऱ्यासाठी. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली की हे होतं, आणि इथे तर मुदत संपून चौदा वर्षं झाली होती.

"पण लोकच कचरा वेगळा करत नाहीत, पालिकेने काय करायचं?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या सोसायटीतही पंधरा वर्षं भांडणं झाली ह्यावरून. पण जुना नियम बघा काय म्हणत होता: वर्गीकरणासाठी नागरिकांना प्रोत्साहन द्या, जागृतीचे कार्यक्रम घ्या. घाण करू नये आणि पालिका सांगेल तसा कचरा द्यावा, एवढी ओळ नागरिकासाठीही होती, पण घरी वेगळा करायचं ठाम बंधन नाही. मोठ्या हॉटेलवर, मंगल कार्यालयावर, वेष्टन बनवणाऱ्या कंपनीवर ह्या नियमात वेगळी जबाबदारी नव्हतीच. आणि ज्याने घरी दोन डबे ठेवलेच त्याने खाली येऊन बघितलं तर घंटागाडीत दोन्ही डबे एकाच कप्प्यात. एकदा ते बघितलं की माणूस परत वेगळा करत नाही, आणि त्याला दोष कसा द्यायचा?

उलटं करून बघायचं असेल तर सिंधुदुर्गातलं वेंगुर्ला. बारा हजारांच्या आसपास वस्ती. तिथे २०१५ नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांनी आधी शेवट ठरवला, प्रत्येक प्रकारचा कचरा कुठे जाणार ते, आणि मग घरी वेगळा मागितला, नाही दिला तर घ्यायचा नाही. ओल्याचं गॅस-खत, सुका वीसच्या वर प्रकारांत वेगळा करून विकायचा, पालापाचोळ्याच्या जळणाच्या कांड्या. जुन्या डंपिंगच्या जागी बाग झाली. तीच कोकणातली माणसं, पाळलं की त्यांनी. पुण्यातही कचरावेचक बायांनी १९९३ पासून संघटना केली आणि २००८ ला 'स्वच्छ' सहकारी संस्था होऊन घराघरातून कचरा घ्यायला लागल्या. ह्या बायांच्या हातातून सुका कचरा पुन्हा कारखान्यात जातो. एवढं मोठं काम करणाऱ्या माणसांचा २००० च्या नियमात साधा उल्लेखही नव्हता.

"कोर्ट आहे ना?"

कोर्टाने खूप केलं, ते नसतं तर नियमच आले नसते. २९ फेब्रुवारी २०१६ ला मुंबई हायकोर्टाने तर मुंबईत नव्या बांधकामांच्या परवानग्याच थांबवल्या, कारण २००० चे नियम २०१६ पर्यंत पाळले नव्हते. सुप्रीम कोर्टाने ती बंदी मार्च २०१८ मध्ये अटींवर उठवली. सप्टेंबर २०२२ मध्ये हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांसाठीच्या खास न्यायालयाने, महाराष्ट्राला सांडपाणी आणि घनकचरा मिळून १२,००० कोटींची पर्यावरण भरपाई ठोठावली. पण दंड कुणाच्या खिशातून जातो बघा. पालिकेचा दंड म्हणजे तुमचा आमचा घरफाळा, राज्याचा दंड म्हणजे तुमचा आमचा कर. फुरसुंगीच्या माणसाचं पाणीही गेलं आणि दंडाचा वाटाही त्याच्याच करातून. शिवाय कोर्टाकडे प्रकरण जातं तेव्हा ढीग आधीच झालेला असतो.

"२०१६ ला नवे नियम आले, मग जुनं कशाला उगाळायचं?"

एप्रिल २०१६ च्या नियमांनी बरीच भोकं बुजवली हे खरं. ओला, सुका, घातक असा वेगळा देणं नागरिकाचं कर्तव्य झालं, जागेवर दंड आला, मोठ्या सोसायट्या-हॉटेलांनी आपला ओला कचरा आपणच जिरवायचा, वेष्टनवाल्या कंपन्यांवर जबाबदारी आली, कचरावेचकांचं नाव आलं, शहराला चिकटलेली गावंही कक्षेत आली, लहान-मोठ्या गावांना वेगवेगळ्या मुदती मिळाल्या. म्हणजे वर मी जी भोकं सांगितली ती माझ्या मनाची नाहीत, सरकारनेच सोळा वर्षांनी ती मान्य केली.

पण दोन गोष्टी तशाच आहेत. तपासणारा आणि तपासला जाणारा अजून एकाच घरातले आहेत. आणि बरीचशी बिलं अजूनही टनावरच निघतात. जुने डेपो पाच वर्षांत साफ करायचे होते, म्हणजे २०२१ पर्यंत, आणि देवनारचं टेंडर निघालं २०२५ ला.

मग आता डोंगर उपसला की संपलं?

उपसायच्या कामाला बायोमायनिंग म्हणतात. पोकलेनने ढीग उकरायचा, वाळवायचा, मोठ्या फिरत्या चाळणीतून काढायचा. माती खाली पडते, दगड-विटा वेगळ्या, प्लास्टिक-चिंध्या वेगळ्या, त्या सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातात. पद्धत चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवायला हवेत. खाली पडलेली ती माती शेतात टाकण्यासारखी असतेच असं नाही, तिच्यात शिसं-जस्त असू शकतं, तिची तपासणी न करता कुणाच्या तरी सखल प्लॉटवर भर म्हणून गेली तर तोच डोंगर चपटा होऊन गावभर पसरला. आणि दुसरं, रिकाम्या जागेवर काय उभं राहणार. मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या डंपिंगवर नंतर ऑफिसं झाली, तिथे जमिनीतून येणाऱ्या गॅसने कॉम्प्युटरचे भाग गंजून बंद पडायला लागले होते. यंत्रं गंजली म्हणून निदान कळलं तरी. देवनारची काही जमीन धारावीच्या पुनर्वसनातल्या घरांसाठी द्यायचं ठरलंय, तिथे माणसं झोपणार आहेत, लहान मुलं खेळणार आहेत. तेव्हा ती माती किती खोलपर्यंत तपासणार, गॅस किती वर्षं मोजणार, आणि ते आकडे लोकांना कुठे वाचायला मिळणार, हे घरं बांधायच्या आधी लेखी मागायला हवं.

तुमच्या गावाचं बघायचं असेल तर माहिती अधिकारात तीन कागद मागा, फार नाही. डेपोला प्रदूषण मंडळाची परवानगी आहे का आणि ती कुठल्या तारखेपर्यंत आहे. मागच्या वर्षीचा वार्षिक अहवाल. आणि डेपोच्या आसपासच्या विहिरींच्या पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली, तिचा रिपोर्ट. पहिले दोन बहुतेक मिळतात. तिसरा मी आमच्या त्या गावासाठी मागितला होता, उत्तर आलं, 'सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही'. आत्याचा आड बुजवून आता त्यावर मोटरसायकली लावतात. मी तोच अर्ज मंडळाच्या कार्यालयाकडे परत पाठवलाय.